बेसॉल्ट हजर

४ जून

दादा,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र गिऱ्हाइकांच्या चष्म्यांखाली सरकवशील, आणि दुकान बंद करताना वहिनीचं लक्ष नाही असं पाहून फोडशील, असा माझा अंदाज आहे. म्हणून महत्त्वाचं आधी सांगून टाकते. तुझी लेक माझ्याकडे आहे, धडधाकट आहे, आणि आत्ता स्वयंपाकघरात माझ्या चहात नको तितकी साखर घालते आहे. जीव भांड्यात पडू दे, मग पुढचं वाच.

आमच्या संस्कृतात सूचीकटाहन्याय म्हणून एक प्रकार आहे. लोहाराकडे एकाने सुई मागितली, दुसऱ्याने कढई, तर शहाणा लोहार सुई आधी करून मोकळा होतो. तर सुई अशी, की भिंगरीने हॉस्टेल सोडलं. कढई अशी, की विद्यापीठाने तिला वर्षभरासाठी निलंबित केलं आहे.

थांब, फोनकडे हात नेऊ नकोस. (नेणार नाहीस म्हणा. गेल्या वर्षी तुझ्याकडे जेवताना मी "पोरीला काय शिकायचंय ते पोरीला विचार की" म्हणाले, तेव्हापासून तुझ्या फोनला माझा नंबर लागत नाही. वहिनी निरोप्याचं काम चोख करते, पण तिलाही आता कंटाळा आलाय.)

निलंबन म्हटलं की चोरी, मारामारी, कॉपी असलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. तसलं काही नाही. हे 'शैक्षणिक' निलंबन. सलग दोन सत्रं सरासरी ठरलेल्या रेषेच्या खाली गेली की कुणी न रागावता, कुणी न ओरडता आपोआप होतं. पहिल्या सत्रात तिला ताप आणि गणित दोन्ही एकदमच भरले, तेव्हा ताकीद मिळाली होती. दुसऱ्या सत्रात बाकी सगळ्या विषयांत बरी आहे, फक्त प्रकाशशास्त्रात शून्य. नापास झाली असती तरी पाच-दहा मार्क पडले असते. ती पेपरला बसलीच नाही.

का बसली नाहीस विचारलं, तर म्हणते, "उशिरा उठले, आत्या."

एकोणीस वर्षांच्या पोरांना शिकवण्यात माझी उमर गेली. उशिरा उठलेल्यांचे चेहरे मला पाठ आहेत. हा तो चेहरा नव्हे.

या महिन्याच्या अखेरीपर्यंत अपील करता येतं. अर्ज तिचा तिनेच लिहायचा असतो, आणि ती लिहायला तयार नाही. ट्रंक पलंगाखाली सरकवली आणि म्हणाली, "एक वर्ष तर आहे. तुझी पुस्तकं झटकेन." माझ्या पुस्तकांवर धूळ आहे हे खरं, पण एक वर्षाची नाही.

तिला रागाचं पत्र धाडू नकोस. राग आवरला नाही तर मला लिही. मला सवय आहे.

तुझी धाकटी


१२ जून

दादा,

तुझं पत्र आलं. आठ ओळी, त्यांत चार वेळा 'तुझ्यामुळे'. वाचून बरं वाटलं. चेष्टा नाही करत. वर्षभराने तुझं अक्षर पाहिलं, आणि 'ळ' अजून तसाच, पोट सुटल्यासारखा काढतोस.

आता एकेक.

"तूच तिच्या डोक्यात संस्कृत भरलंस" हा तुझा पूर्वपक्ष. त्याचं खंडन असं, की ती माझ्या वर्गाच्या दारावरूनही जात नाही. जिना चढताना मान फिरवते. संस्कृतापेक्षा दगड बरे, ते निदान प्रश्न विचारत नाहीत, हे तिचं मत तिने मला जेवताना ऐकवलंय. दगडांचं पुढे येतंच आहे.

दुसरं. दुकानाच्या लेटरहेडवर कुलगुरूंना पत्र पाठवायचा तुझा बेत सोडून दे. मी विद्यार्थी विभागाच्या खिडकीशी जाऊन विचारून आले. तिथल्या बाई म्हणाल्या, "पालकांची पत्रं आम्ही वेगळ्या फायलीला लावतो."

"कुठल्या?"

"जी उघडत नाही, ती."

सरळ बाई आहेत, मला आवडल्या.

नियम मात्र तुला सांगायला हवेत. मी ते पुस्तक तीनदा वाचलं. इतकं सूत्रबद्ध गद्य आमच्यातही कमी सापडतं. एक नियम, त्याला अपवाद, त्या अपवादाला अपवाद, आणि शेवटी 'समितीचा निर्णय अंतिम राहील', म्हणजे देव आहेच. तर सत्र सुरू झाल्यावर पहिले दोन आठवडे विद्यार्थ्याने घरबसल्या कॉम्प्युटरवरून विषय घ्यावा, सोडावा, बदलावा, कुणी विचारत नाही. पुढचा महिनाभर शिक्षकाची सही लागते. त्यानंतर दार बंद. घेतलेला विषय गळ्यात, त्याचे मार्कही गळ्यात. वर्गाला जा की नका जाऊ.

आता ऐक काय झालं. परवा चहाच्या खोलीत भूशास्त्राचे प्राध्यापक भेटले. मुलं त्यांना 'दगडवाले सर' म्हणतात आणि ते स्वतःही तसंच म्हणवून घेतात. साखर ढवळत म्हणाले, "बाई, तुमच्या भाचीला सांगा, माझा बेसॉल्ट परत कर."

मी म्हटलं, "तुमचा बेसॉल्ट तिच्याकडे कशाला असेल?"

"वर्गातला आहे ना तिचा!"

या गृहस्थांची हजेरीची तऱ्हा ऐक. पहिल्या तासाला ते प्रत्येकाला एकेक दगड देतात. कुणी ग्रॅनाइट, कुणी चुनखडी, कुणी संगमरवर. सत्रभर तो दगड तुमचा. रोज वर्गात यायचं, आपला दगड पुढच्या टेबलावर ठेवायचा, जाताना उचलायचा. सर टेबलाकडे एक नजर टाकतात आणि कोण आलं नाही ते सांगतात. नावांची यादी ते मार्क भरायच्या दिवसापर्यंत उघडत नाहीत. म्हणाले, "मार्क भरायला बसलो तर यादीत मुलगी नव्हतीच, मला वाटलं लग्नबिग्न ठरलं असेल. पण एक तास चुकवला नाही हो तिने. परीक्षेलाच कशी आली नाही?"

दादा, प्रकाशशास्त्राच्या वर्गात तुझ्या लेकीने सत्रभर पाऊल ठेवलं नाही. ती भूशास्त्राच्या वर्गात पहिल्या बाकावर होती. मात्र विद्यापीठाच्या दप्तरी ती प्रकाशशास्त्रातच. त्रिशंकू निदान दोन्हीकडच्यांना दिसत तरी होता.

घरी येऊन मी तिची पिशवी टेबलावर उपडी केली. बेसॉल्ट निघाला, तिच्या मोज्यात गुंडाळलेला. मग कुठे तिचं तोंड उघडलं. रडत नव्हती. नखाने टेबलक्लॉथचा कोपरा खरवडत होती, तू खरवडतोस तसा.

विषय बदलायचे ते पहिले दोन आठवडे असे गेले. सकाळी ती कॉम्प्युटरवर भूशास्त्र घ्यायची. संध्याकाळी बघायची, तर पुन्हा प्रकाशशास्त्र. दुसऱ्या सकाळी पुन्हा भूशास्त्र. संध्याकाळी पुन्हा प्रकाशशास्त्र. शेवटच्या दिवशी रात्रीचं जेवण झाल्यावर तिने बदललं, आपण जिंकलो असं समजून झोपली, आणि पुन्हा म्हणून ते उघडून पाहिलं नाही. परीक्षेच्या दिवशी हॉलबाहेरच्या यादीत भूशास्त्राखाली तिचा नंबर नव्हता. प्रकाशशास्त्राखाली होता. तिने यादी वाचली, पाणी प्यायली आणि परत फिरली.

"कुणाला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर कुणी बदललं ते विचारलं असतं. दुसऱ्याने आपल्या खात्यात शिरणं हाच गुन्हा आहे. नाव लागलं असतं दप्तरी."

"कुणाचं?"

तिने बेसॉल्ट पुन्हा मोज्यात घातला.

"बरं, मग पासवर्ड का नाही बदललास, बाई? पहिल्याच दिवशी?"

तर म्हणाली, "बदलला असता तर पुन्हा आले नसते ना. फोन नाही, काही नाही. निदान रोज संध्याकाळी येऊन बघून तरी जात होते."

दादा, मी उठून गॅस बारीक केला. गॅसवर काही नव्हतं.

तिने मला शपथ घातली आहे, की मी तुला काही सांगायचं नाही. मी शपथ मोडत नाही. मी सांगत नाहीये, विचारतेय. प्रवेशाच्या वेळी तिचं खातं तू उघडून दिलं होतंस. पासवर्ड तिच्याशिवाय आणखी कुणाला ठाऊक आहे?

तुझी धाकटी


१९ जून

दादा,

तुझं पाकीट आज आलं. दारातच उघडलं, पोस्टमन अजून जिन्यात होता. मग आत येऊन खुर्चीत बसले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

तुझा पहिला कागद, ज्यात तू लिहिलं आहेस की "मला वाटलं कॉम्प्युटर चुकतोय, म्हणून मी रोज दुरुस्त करत होतो", तो मी माझ्याकडे ठेवून घेते. समितीला दाखवण्यासारखा नाही, पण एखाद्या वाईट दिवशी हसायला उपयोगी पडेल. दोन आठवडे रोज संध्याकाळी अगदी दुकान बंद झाल्यावरच चुकणारा कॉम्प्युटर! तुला इतकी श्रद्धा देवावर असती तर आई धन्य झाली असती.

दुसरा कागद मात्र तसाच्या तसा दिला. त्यात एक शब्द इकडचा तिकडे करावासा वाटला नाही, आणि हे मी म्हणतेय, जी वर्तमानपत्रातसुद्धा लाल पेन घेऊन बसते. "माझ्या मुलीने निवडलेला विषय मी तिला न विचारता, तिच्या खात्यात जाऊन वारंवार बदलला. ती माझं नाव घ्यायला नको म्हणून गप्प राहिली आहे. मी चष्म्याचं दुकान चालवतो. नंबर माझ्या हातून चुकला तर काच मी बदलून देतो, गिऱ्हाइकाला आंधळं म्हणत नाही." एवढंच. कुलगुरूंना 'महोदय' सुद्धा नाही.

भिंगरीने वाचला. आधी माझ्यावर उसळली, "तू सांगितलंस!"

"विचारलं," मी म्हटलं.

"तू शिक्षिका आहेस की वकील?"

"दोघांचा धंदा एकच. फरक फीचा."

मग कागद घेऊन बाल्कनीत गेली. परत आली तेव्हा नाक लाल होतं आणि तिला माझं चांगलं पेन हवं होतं. संध्याकाळपर्यंत अर्ज लिहून झाला, बेसॉल्टही सरांना परत देऊन आली. मी शुद्धलेखन तपासू का विचारलं, तर हाताने झाकून बसली. तुझीच मुलगी.

अर्जासोबत तुझा कागद जोडता येईल का, हा पेच होता, कारण पालकांची पत्रं त्या न उघडणाऱ्या फायलीत जातात. खिडकीतल्या बाईंना विचारलं. त्यांनी वाचला. चष्मा वर करून पुन्हा वाचला. म्हणाल्या, "हे पालकाचं पत्र कुठाय? हा तर कबुलीजबाब आहे. साक्षीदाराचं म्हणणं म्हणून लावू." आणि ठप्पा मारला.

सुनावणी पुढच्या बुधवारी. तू येऊ नकोस. तू आलास की ती तुझ्याकडे बघत बसेल आणि तू भिंतीकडे.

तुझी धाकटी


२६ जून

दादा,

राहिली! पोरगी विद्यापीठात राहिली!

तुला फोन केला होता. वहिनीने उचलला, आणि ती तिथेच इतक्या जोरात ओरडली की मला वाटतं दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही निकाल कळला असेल. तरी सगळं नीट लिहिते, कारण वहिनीने तुला 'सुटली' एवढंच सांगितलं असणार. पोरगी काही तुरुंगात नव्हती.

नातेवाईक म्हणून मला आत प्रवेश नव्हता. बाहेरच्या बाकावर बसले. पण त्या खोलीच्या दाराची कडी लागत नाही, तेव्हा विद्यापीठाचा पारदर्शक कारभार मला नीट ऐकू आला. आत तिघं होते. मधोमध गणिताच्या प्राध्यापिका, अध्यक्ष. आमच्या इमारतीत त्यांना 'उणे' म्हणतात, कारण त्यांनी कुणाला काही अधिक दिल्याचं ऐकिवात नाही. पहिला प्रश्न त्यांचाच.

"वडिलांनी केलं हे आधी का नाही सांगितलंस?"

"खातं माझं आहे. पासवर्ड मी बदलायला हवा होता."

"म्हणजे चूक तुझी?"

"चूक दोघांची. पण परीक्षा माझी होती ना."

मग कागदांची सळसळ. दुसऱ्या एका आवाजाने नियम वाचून दाखवला, मुदतीनंतर नोंदणी बदलता येत नाही, अपवाद आहे तो 'विद्यार्थ्याच्या हाताबाहेरच्या कारणा'चा, पण मग ती त्या वर्गाला खरोखर येत होती याचा पुरावा लागतो, आणि हजेरीच्या यादीत तर तिचं नाव नाही. संपलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात दगडवाले सर जिन्यावरून धापा टाकत आले, माझ्याकडे बघून मान हलवली आणि दार ढकलून आत. धप्पकन काहीतरी टेबलावर आपटलं.

"हे काय?" उणेबाई.

"हजेरी."

"सर, हा दगड आहे."

"बेसॉल्ट. हिला पहिल्या तासाला मी दिला. ज्या दिवशी ही आली त्या दिवशी हा माझ्या टेबलावर होता, आणि हा टेबलावर नव्हता असा दिवस मला आठवत नाही. वर्गातल्या कुणालाही बोलवा, सांगेल."

"दगड साक्ष देत नाहीत, सर."

"तुमच्या विषयात नसतील देत, बाई. माझ्या विषयात दुसरं कुणी साक्षच देत नाही."

कुणीतरी हसलं. दादा, माझा विश्वास बसेना, पण त्या उणेबाई होत्या. मग त्या भिंगरीला म्हणाल्या, "बरं. बेसॉल्ट म्हणजे काय, सांग." आणि ही सुरू झाली. लाव्हा कसा बाहेर येतो, भराभर निवला की कण कसे बारीक राहतात, आतली भोकं म्हणजे अडकलेले वायूचे बुडबुडे. मला घरात 'हो', 'नाही' आणि 'भूक नाही' यापलीकडे वाक्य न देणारी ही मुलगी बोलतच राहिली. शेवटी उणेबाईच म्हणाल्या, "पुरे. मला चारला दुसरी सुनावणी आहे."

निर्णय असा. निलंबन रद्द. प्रकाशशास्त्र मागच्या तारखेने काढून टाकलं, शून्यासकट. भूशास्त्राची नोंद केली, पण परीक्षा द्यायची, पुढच्या आठवड्यात, एकटीने, सरांच्या खोलीत. त्यात पास झाली तर हॉस्टेलची खोली परत. पुढचं सत्र देखरेखीखाली. आणि पासवर्ड दुसऱ्याच्या हाती राहू दिल्याबद्दल लेखी समज. ती समज तिने हातात घेतली आणि इतक्या आनंदाने बाहेर आली की शिपायाला वाटलं पदक मिळालं.

जिन्यात मी तिला विचारलं, "काय वाटतंय?"

म्हणाली, "भूक लागलीय."

तीन आठवड्यांनंतर, दादा. मी तिला काय काय खाऊ घातलं ते लिहीत नाही, तू हिशेब मागशील.

तुझी धाकटी


९ जुलै

दादा,

पास झाली. अठ्ठावन्न. पहिली वगैरे आलेली नाही, तेव्हा दुकानात उगाच जाहिरात करू नकोस. नकाशाच्या प्रश्नात दिशाच उलटी धरली म्हणे, पूर्वेच्या खडकांची नावं पश्चिमेला लिहिली. सर म्हणाले, दिशा सुधारता येते, नजर नाही. ती हिला आहे. हे वाक्य तुझ्या धंद्यातही चालेल बघ.

आज सकाळी हॉस्टेलवर गेली. ट्रंक एका हाताला तिने, एका हाताला मी, मधे दोनदा भांडण, कारण ती म्हणाली आत्या तू वाकडी धरतेस. खोली तीच मिळाली. खिडकीतून मैदान दिसतं आणि शेजारच्या खोलीतल्या मुलीचं गाणं ऐकू येतं, तेही वाकडंच. घरी परत आले तर घर एवढं मोठं वाटलं की दोन पुस्तकं जमिनीवर टाकून बघितली, जरा वस्ती वाटावी म्हणून.

माझं काम इथे संपलं, असं मी समजत होते. पण निघताना ती फाटकापाशी घुटमळली. पुढच्या सत्रातली विषयनोंदणी सोमवारी सुरू होते. तिला भूशास्त्राचा दुसरा भाग घ्यायचा आहे, आणि मग पुढे पदवीही त्यातच. म्हणजे चष्म्याच्या दुकानाला भिंगरी मिळणार नाही, हे तुलाही कळलं असेलच, पण ते तिच्या तोंडून ऐकायचं बाकी आहे. म्हणाली, "आत्या, बाबांना विचारशील?"

मी म्हटलं, "नियमाप्रमाणे विचारायची गरज नाही. तुझं खातं, तुझा विषय."

"ते माहितीय. तरी विचारायचंय."

"मग तू विचार. तुझी आई आणि मी निरोप वाहून थकलो. आता आम्ही निवृत्त."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर भांड. तोंडाने भांड. विषय बदलून नव्हे."

ती फाटकाच्या गजाशी चाळा करत म्हणाली, रविवारी करते, दुकान बंद असतं तेव्हा. तुला आधी कळवून ठेवते आहे, कारण अचानक फोन वाजला की तू तो वहिनीच्या हातात देतोस.

तेव्हा रविवारी तू उचल. तुला सुचणार नाही काय बोलायचं, मला ठाऊक आहे. तिलाही सुचणार नाही. दोघं फोन कानाला लावून एकमेकांचा श्वास ऐकत बसाल. तसं झालं तर घाबरू नकोस. फक्त विचार, बेसॉल्टला भोकं का असतात. मग तुला बोलावं लागणार नाही.

तुझी धाकटी